मोजपट्टी एक, देह अनेक

लष्करी शारीरिक चाचण्या नेमके काय मोजतात? धावण्याचा वेग, दंडातले बळ, की केवळ हलके असणे? अमेरिका, ब्रिटन, कॅनडा आणि भारत या चारही देशांत हा वाद मैदानातून संसदेपर्यंत आणि न्यायालयापर्यंत पोहोचला आहे.

विशेष प्रतिनिधी

सोळाशे मीटर अंतर साडेपाच मिनिटांच्या आत धावायचे, आडव्या दांडीला लोंबकळून दहा वेळा हनुवटी दांडीच्या वर न्यायची, नऊ फुटांचा खड्डा उडी मारून ओलांडायचा आणि नागमोडी फळीवरून तोल सांभाळत पलीकडे जायचे. भारतीय लष्कराच्या भरती मेळाव्यात ‘जनरल ड्युटी’ जवान होण्यासाठी उतरणाऱ्या तरुणाला अनेक वर्षे हीच परीक्षा द्यावी लागत आली आहे. धावण्याला साठ गुण. पुल-अप्सना, म्हणजे तयारी करणाऱ्या मुलांच्या भाषेत ‘बीम’ला, चाळीस गुण. दहा बीम काढणाऱ्याला पूर्ण ४०, सहा काढणाऱ्याला १६. खड्डा आणि तोल यांना गुण नाहीत, ते केवळ पार करावे लागतात.

परीक्षा सर्वांना सारखी, घड्याळ सर्वांना सारखे, दांडीही तीच. मग अन्यायाचा प्रश्न येतोच कोठे, असे कोणीही विचारील. तथापि साठ किलो वजनाचा तरुण आणि नव्वद किलो वजनाचा तरुण जेव्हा एकाच दांडीला लोंबकळतात, तेव्हा ते एकच काम करीत नसतात. पहिला साठ किलो उचलतो, दुसरा नव्वद. दुसऱ्याचे हात लांब असतील तर ते वजन त्याला अधिक अंतरही वर न्यावे लागते. गुणपत्रिकेत मात्र दोघांचा एक बीम तो एकच बीम.

नव्वद किलोच्या तरुणाचे स्नायू त्याच प्रमाणात बळकट नसतात काय? येथे भूमितीचा एक जुना नियम आडवा येतो. स्नायूचे बळ त्याच्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते, तर शरीराचे वजन घनफळावर. देह सर्व बाजूंनी सारख्याच प्रमाणात मोठा होत गेला, तर वजन बळापेक्षा अधिक वेगाने वाढते. मुंगी आपल्या वजनाच्या कित्येक पट ओझे उचलते आणि हत्तीला ते जमत नाही, यामागेही मुख्यतः हेच कारण आहे. साठ किलोंवरून नव्वद किलो म्हणजे वजनात दीडपट वाढ. या नियमानुसार बळ मात्र सुमारे १.३१ पटच वाढते. म्हणजे चरबी किंचितही अधिक नसलेला, तितकाच कसलेला नव्वद किलोंचा माणूस स्वतःच्या प्रत्येक किलोमागे सुमारे तेरा टक्के कमी बळ घेऊन मैदानात उतरतो. जोर, बीम, पोटाचे व्यायाम आणि लांब पल्ल्याची धाव या सर्वांत स्वतःचेच शरीर उचलायचे वा वाहून न्यायचे असते. त्यामुळे तूट प्रत्येक प्रकारात त्याच्याच खाती पडते.

अमेरिकेतील डेटन विद्यापीठातील व्यायामशास्त्राचे अभ्यासक पॉल व्हँडरबर्ग यांनी या प्रश्नावर दीर्घकाळ काम केले. अमेरिकी सैन्यदलांच्या त्या काळच्या चाचण्या जाड नव्हे, तर केवळ वजनाने अधिक असलेल्या सैनिकांवर १५ ते २० टक्क्यांचा अन्याय करतात, असा निष्कर्ष त्यांनी २००८ मध्ये मांडला.

आता त्याच दोघांच्या पाठीवर तीस किलोंचे ओझे द्या. साठ किलोंच्या जवानाला एकूण ९० किलो वाहायचे आहेत, नव्वद किलोंच्याला १२०. पहिल्याचे बळ एक मानले तर दुसऱ्याचे १.३१, म्हणजे बळाच्या प्रत्येक एककामागे पहिल्याच्या वाट्याला ९० आणि दुसऱ्याच्या वाट्याला साधारण ९२ किलो येतात. तफावत जवळजवळ संपली. ओझे पंचेचाळीस किलोंचे केले तर पारडे फिरते आणि जड जवान पुढे जातो. गणित अगदी ढोबळ आहे; प्रत्यक्षात हृदय, फुप्फुसे, हाडे, सवय आणि जिद्द यांचाही हिशेब असतो. पण दिशा हीच राहते.

पंचेचाळीस किलो हा आकडा काल्पनिकही नाही. २००३ मध्ये अफगाणिस्तानात अमेरिकेच्या ८२व्या एअरबोर्न डिव्हिजनच्या पायदळासोबत राहून एका अभ्यासगटाने सैनिकांच्या अंगावरील ओझी प्रत्यक्ष तोलली. शत्रूशी भिडतानाचे सरासरी ओझे सुमारे ६३ पौंड, म्हणजे साडेअठ्ठावीस किलोंच्या वर भरले. लढाईच्या जागेपर्यंतच्या चालीत ते शंभर पौंडांच्या पुढे, सुमारे ४६ किलो होते. म्हणजे बनियन-चड्डीवर घेतलेली चाचणी ज्या देहाला वरचा क्रमांक देते, तोच देह चिलखत, दारूगोळा आणि पाणी घेऊन चढणीवर पुढे राहील याची खात्री ती चाचणी देत नाही. पाठीवर ठराविक ओझे देऊनच धावण्याची परीक्षा घ्यावी, असा पर्याय व्हँडरबर्ग यांनी २००० मध्येच सुचविला होता. मग लष्करे अशी सोपी दुरुस्ती का करीत नाहीत? उत्तर बरेचसे खर्चाचे आणि सोयीचे आहे. हजारो उमेदवारांची परीक्षा एका सकाळी उरकायची असेल, तर एक पळण्याची वाट, एक लोखंडी दांडी आणि एक घड्याळ यांहून स्वस्त साधन नाही. शिवाय ओझ्यासह धावल्याने गुडघे आणि घोटे दुखावतात, ही भीतीही निराधार नाही.

कमरेभोवतीची फीत

हलक्या देहाला झुकते माप देण्यामागे आणखी एक कारण दाखविले जाते. जड माणूस बहुधा स्नायूंनी नव्हे, चरबीने जड असतो; त्याला सवलत दिली तर आळसाला बक्षीस दिल्यासारखे होईल. हा युक्तिवाद उडवून लावण्यासारखा नाही. फक्त चरबी ओळखायची कशी, हा प्रश्न उरतो.

उंची आणि वजन यांच्या कोष्टकांवर जगभरची लष्करे विसंबून राहिली. बॉडी मास इंडेक्स या नावाने आज ओळखले जाणारे सूत्र बेल्जियन गणितज्ञ अडॉल्फ केटले यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मांडले. त्यांना लोकसमूहाचा ‘सरासरी माणूस’ शोधायचा होता. एखाद्या व्यक्तीची प्रकृती तपासण्याचा त्यांचा हेतू नव्हता. स्नायू आणि चरबी यांतला फरक या सूत्राला कळत नाही. व्यायामाने भरलेला पैलवान आणि खुर्चीत बसून सुटलेला माणूस यांची उंची व वजन सारखे असेल, तर दोघांचा आकडाही सारखाच येतो.

अमेरिकी लष्करात कोष्टकापेक्षा अधिक वजन भरलेल्या सैनिकाची मान आणि पोट फितीने मोजून चरबीचा अंदाज बांधला जाई. ही ‘टेप टेस्ट’ सैनिकांत कमालीची अप्रिय होती. जाड मानेच्या माणसाला ती उदार आणि बारीक मानेच्याला कठोर. अखेर २०२३ मध्ये दोन बदल झाले. मानेचे माप वगळून केवळ पोटाचा घेर मोजण्याची पद्धत आली आणि त्याच वर्षी एक अत्यंत शहाणपणाची सूट देण्यात आली. शारीरिक चाचणीत ६०० पैकी ५४० गुण आणि प्रत्येक प्रकारात किमान ८० गुण मिळविणाऱ्या सैनिकाला चरबीच्या मोजमापातून मुक्त करण्यात आले. जो उत्तम पळतो, ओढतो आणि उचलतो, त्याच्या कमरेचा घेर किती ही चौकशी कशासाठी, हे एका अवाढव्य यंत्रणेने मान्य करायला एवढी वर्षे लागली.

लेग टकचा घोटाळा

देहाच्या विविधतेचा सर्वांत मोठा आणि सर्वांत तापलेला भाग अर्थातच स्त्री-पुरुष भेदाचा आहे. अमेरिकी लष्कराने १९८० पासून चार दशके एकच चाचणी वापरली: दोन मिनिटे पुश-अप्स, दोन मिनिटे सिट-अप्स आणि दोन मैलांची धाव. गुण देण्याची कोष्टके वय आणि लिंग यांनुसार निराळी होती. इराक आणि अफगाणिस्तानातील अनुभवानंतर ही चाचणी युद्धाशी फारशी संबंधित नाही, असे मत बळावले आणि २०१८ मध्ये ‘आर्मी कॉम्बॅट फिटनेस टेस्ट’ जाहीर झाली. सहा प्रकार: डेडलिफ्ट, दहा पौंडांचा चेंडू डोक्यावरून मागे फेकणे, हात उचलून पुश-अप्स, वजन ओढत-वाहत धाव, दांडीला लोंबकळून गुडघे कोपरांपर्यंत नेण्याचा ‘लेग टक’ आणि दोन मैलांची धाव. मापदंड वय आणि लिंग न पाहता, केवळ कामाच्या स्वरूपानुसार ठरणार होते. कागदावर याहून न्याय्य काही असू शकत नव्हते.

प्रत्यक्षात लेग टकने घात केला. शरीराच्या वरच्या भागातील स्त्रियांचे बळ सरासरीने पुरुषांच्या निम्म्याहून थोडेच अधिक असते. पायांतील तफावत त्या मानाने बरीच कमी. लोंबकळून शरीर वर खेचायचे म्हटले की हा फरक पूर्ण ताकदीने पुढे येतो. मरीन कोअरने याचा धडा आधीच घेतला होता. महिलांना किमान तीन पुल-अप्स सक्तीचे करण्याचा तेथील बेत २०१४ च्या तोंडावर पुढे ढकलावा लागला, कारण प्रशिक्षण संपविणाऱ्या महिलांपैकी निम्म्याहून अधिक जणींना ते तीन पुल-अप्स जमत नव्हते.

संसदेने स्वतंत्र पाहणीचा आदेश दिला. रँड या संशोधन संस्थेचा अहवाल मार्च २०२२ मध्ये आला. सक्रिय दलातील शिपाई दर्जाच्या पुरुषांपैकी दहात नऊ जण उत्तीर्ण होत होते, महिलांपैकी साधारण निम्म्याच. ही तफावत एकट्याने काही सिद्ध करीत नाही. कठीण कामासाठीची चाचणी कठीणच असणार. अहवालाचा अधिक बोचरा भाग निराळा होता: चाचणीतील काही प्रकारांचा प्रत्यक्ष लढाईतील कामाशी असलेला संबंध पुराव्याने पुरेसा सिद्ध झालेला नाही, असे त्यात म्हटले होते. मोठ्या संख्येने माणसे नापास करणारी परीक्षा कशाची परीक्षा आहे हेच सांगता येत नसेल, तर तिला ‘कठोर’ म्हणण्यात अर्थ नाही. लेग टक रद्द झाला, त्याच्या जागी प्लँक आला आणि वय व लिंगानुसार कोष्टके परत आली.

या माघारीवर टीका करणाऱ्यांत क्रिस्टन ग्रीस्ट या अधिकारी होत्या, हे मुद्दाम नोंदविले पाहिजे. २०१५ मध्ये रेंजर स्कूलचे अत्यंत खडतर प्रशिक्षण पूर्ण करणाऱ्या पहिल्या दोन महिलांपैकी त्या एक. पुढे त्या पायदळातील पहिल्या महिला अधिकारी झाल्या. लिंगानुसार निराळे गुण ठेवले तर लढाऊ पलटणीतील महिलांकडे ‘सवलतीने आलेल्या’ म्हणून पाहिले जाईल आणि जिने पुरुषांइतकेच केले तिचीही पत जाईल, अशी त्यांची भूमिका २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात होती. निराळ्या कोष्टकांमुळे अन्याय दूर होतो की नवा कलंक चिकटतो, या प्रश्नाला महिला सैनिकांचेही एकमुखी उत्तर नाही.

चक्र पुन्हा फिरले. एप्रिल २०२५ मध्ये नव्या ‘आर्मी फिटनेस टेस्ट’ची घोषणा झाली आणि १ जून २०२५ पासून ती लागू झाली. चेंडूफेक गेली, पाच प्रकार उरले. लढाऊ स्वरूपाच्या २१ पदांसाठी ५०० पैकी किमान ३५० गुण आणि स्त्री-पुरुष सर्वांना एकच कोष्टक. उर्वरितांसाठी ३०० गुण आणि निराळी कोष्टके. यातील एक विसंगती क्वचितच कोणी बोलून दाखवितो. लढाऊ पदांच्या त्या ‘एकाच’ कोष्टकातही वयाची सवलत कायम आहे. विशीतल्या जवानाला आणि चाळिशीतल्या सुभेदाराच्या तोडीच्या सार्जंटला निराळे मापदंड लागतात. शत्रू समोरच्याचे लिंग विचारीत नाही, असे म्हणणारे वयाबाबत मात्र तसे म्हणत नाहीत. देहाचा कोणता फरक स्वाभाविक मानायचा आणि कोणता उणीव मानायचा, हे शरीरशास्त्र ठरवीत नाही. ते ठरविणारे दुसरेच कोणी असतात.

समानतेची मोडलेली हाडे

सारखेपणाचा आग्रह किती महाग पडू शकतो, याचे उदाहरण ब्रिटनमध्ये घडले. ब्रिटिश लष्कराने १९९८ मध्ये भरतीच्या टप्प्यावर ‘लिंगनिरपेक्ष’ निकष स्वीकारले. तोवर महिला आणि पुरुष यांना सारखेच कष्ट पडावेत अशा बेताने त्यांचे निकष निराळे ठेवलेले होते. आता एकच निकष आणि प्रशिक्षणही एकत्र. हेतू चांगलाच होता. इयान गेमेल या लष्करी वैद्यकीय अधिकाऱ्याने २००२ मध्ये याचा हिशेब मांडला. अतिताणाच्या दुखापतींमुळे प्रशिक्षणातून वैद्यकीय कारणास्तव बाहेर पडणाऱ्या महिलांचे प्रमाण ४.६ टक्क्यांवरून ११.१ टक्क्यांवर गेले होते. पुरुषांत ते दीड टक्क्याच्या आतच राहिले.

दुखापतींचे स्वरूप शरीररचनेशी जोडलेले होते. बुटक्या आणि हलक्या देहाला तेवढेच ओझे तेवढ्याच वेगाने न्यायचे असेल, तर पाऊल लांब टाकावे लागते. कटीच्या आणि पायांच्या हाडांवर वारंवार ताण येऊन त्यांना बारीक भेगा पडतात. ब्रिटिश हवाई दलातील तीन माजी प्रशिक्षणार्थी महिलांना याच प्रकारच्या दुखापतींसाठी भरपाई मिळाल्याचे २०१३ मध्ये जाहीर झाले. उंच पुरुषांच्या लांब पावलाशी पाऊल जुळवून संचलन करताना त्यांची कटीची हाडे दुखावली होती. येथे एक गोष्ट विसरता कामा नये. हा त्रास स्त्रीपणाचा जितका, तितकाच उंचीचा आहे. पाच फूट दोन इंचांच्या पुरुषालाही तोच लांब पल्ला टाकावा लागतो. फक्त आकडेवारी त्याचा निराळा रकाना ठेवीत नाही.

ब्रिटनने पुढे, २०१९ मध्ये, निराळी वाट धरली. जोर आणि दीड मैलांच्या धावेऐवजी पायदळासारख्या लढाऊ शाखांसाठी प्रत्यक्ष कामाचीच परीक्षा सुरू केली: ४० किलो ओझ्यासह चार किलोमीटर चाल, पाठोपाठ २५ किलोंसह दोन किलोमीटर, ११० किलोंच्या जखमीची ओढ, पाण्याचे डबे वाहणे, वाळूच्या पिशव्या उचलणे. निकष सर्वांना एकच. ही चाचणी सोपी नाही आणि लहान चणीच्या माणसाला ती झुकते मापही देत नाही, किंबहुना उलटच. पण नापास झालेल्याला निदान एवढे कळते, की तो नेमक्या कोणत्या कामात कमी पडला.

न्यायालयाने विचारलेला प्रश्न

कॅनडातील एका खटल्याने या वादाला कायद्याची चौकट दिली. प्रकरण लष्कराचे नव्हे, ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील वणवे विझविणाऱ्या दलाचे होते. टॉनी मेओरिन या तेथे तीन वर्षे चोख काम करीत होत्या. नंतर आलेल्या नव्या चाचणीत अडीच किलोमीटर अंतर अकरा मिनिटांत धावायचे होते. त्यांना सुमारे ४९ सेकंद अधिक लागले आणि नोकरी गेली. पहिल्या प्रयत्नात या चाचणीत पुरुषांपैकी ६५ ते ७० टक्के उत्तीर्ण होत, महिलांपैकी ३५ टक्के. सप्टेंबर १९९९ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. निकष कामाशी निगडित आहे काय, तो प्रामाणिक हेतूने ठरविला आहे काय आणि त्याच्यावाचून काम सुरक्षितपणे होणारच नाही काय, हे दाखविण्याची जबाबदारी मालकाची, असे न्यायालयाने ठरविले. वणवा विझविण्यासाठी नेमकी तेवढीच धावण्याची क्षमता लागते, हे सरकारला दाखविता आले नव्हते. कॅनडाच्या सैन्यदलांनी २०१३ पासून स्वीकारलेली वाळूच्या पिशव्या उचलण्या-ओढण्याची, सर्वांना समान असलेली चाचणी याच विचाराच्या वाटेने जाते.

भारतात हा प्रश्न २५ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात उमटला. लेफ्टनंट कर्नल नितीशा आणि इतर महिला अधिकाऱ्यांच्या याचिकेवर न्या. धनंजय चंद्रचूड आणि न्या. एम. आर. शाह यांच्या पीठाने हा निकाल दिला. लष्करात कायम नियुक्तीसाठी ‘शेप-१’ ही वैद्यकीय श्रेणी लागते. मन, श्रवण, हातपाय, एकूण प्रकृती आणि दृष्टी या पाच बाजूंनी अधिकारी निर्दोष असावा लागतो. पुरुष अधिकाऱ्यांची ही तपासणी सेवेच्या पाचव्या वा दहाव्या वर्षी, म्हणजे ऐन तारुण्यात होत असे. महिलांना मात्र त्या वयात कायम नियुक्तीचे दारच बंद होते. फेब्रुवारी २०२० च्या निकालाने ते उघडल्यावर, त्यांतील अनेकींना वयाच्या चाळिशी-पन्नाशीत तोच निकष लावण्यात आला. नियम अक्षरशः एकच होता, पण तो पंचविशीतल्या देहासाठी बेतलेला आणि पन्नाशीतल्या देहावर घातलेला होता. वरवर तटस्थ दिसणारा नियमही प्रत्यक्षात भेदभाव करू शकतो, हे अप्रत्यक्ष भेदभावाचे तत्त्व न्यायालयाने, कॅनडातील न्यायनिर्णयांचाही आधार घेऊन, मान्य केले. वैद्यकीय निकष त्यांच्या सेवेच्या पाचव्या वा दहाव्या वर्षाच्या स्थितीनुसार लावावा, असा आदेश झाला.

पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे दारही न्यायालयाच्याच आदेशामुळे २०२१ मध्ये मुलींसाठी उघडले. ३० मे २०२५ रोजी १७ मुलींची पहिली तुकडी तेथून पदवी घेऊन बाहेर पडली.

एकशे अडुसष्ट सेंटिमीटर

महाराष्ट्रातील भरती मेळाव्यांत धावण्याआधीच जी गोष्ट अनेकांना परत पाठविते ती म्हणजे उंची. जनरल ड्युटी जवानासाठी महाराष्ट्रातील उमेदवाराला १६८ सेंटिमीटर उंची लागते. पंजाब आणि हरियाणात १७०, दक्षिणेकडील राज्यांत १६६, ईशान्येकडे १६०, गुरखा आणि लडाखी उमेदवारांना १५७, मान्यताप्राप्त आदिवासी भागातील उमेदवारांना १६२. म्हणजे एकच मोजपट्टी सर्वांना लावता येत नाही, हे भारतीय लष्कराने तत्त्वतः केव्हाच मान्य केलेले आहे. गुरखा सैनिकाच्या पराक्रमात त्या अकरा सेंटिमीटरांनी काही उणे आले, असे कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही. मग १६६ सेंटिमीटरांचा कोकणातला मुलगा केवळ पत्त्यामुळे अपात्र आणि तेवढ्याच उंचीचा केरळमधला मुलगा पात्र, याला आधार कोणता? सरासरी प्रदेशाची असते. रांगेत उभा असलेला देह एकट्याचा असतो. आजी-माजी सैनिकांच्या मुलांना उंचीत दोन सेंटिमीटरांची सूट आहे. परंपरेचा मान म्हणून ती समजण्यासारखी आहे, पण उंची ही लढण्यासाठीची अट असेल तर वडिलांच्या नोकरीने ती कशी शिथिल होते, याचा उलगडा त्यातून होत नाही.

उंचीची अट किती लवचीक असते, हे पहिल्या महायुद्धात ब्रिटनने दाखविले. पाच फूट तीन इंचांहून कमी उंचीच्या माणसांना सुरुवातीला परत पाठविले जात होते. त्यांत अंगाने पिळदार खाणकामगार मोठ्या संख्येने होते. बर्कनहेडचे खासदार आल्फ्रेड बिगलँड यांनी अशा नाकारलेल्यांसाठी नोव्हेंबर १९१४ मध्ये स्वतंत्र पलटणी उभारल्या. कोंबड्यांच्या एका लहान पण झुंजार जातीवरून त्यांना ‘बँटम’ म्हटले गेले आणि पुढे त्यांच्यातून ३५वी डिव्हिजन उभी राहिली. पहिली भरती कणखर निघाली. मागाहून मात्र संख्या भरण्यासाठी खरोखरच दुबळी, खुरटलेली मुले घेतली गेली आणि प्रयोग गुंडाळावा लागला. बुटके असणे आणि कमकुवत असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. फितीने त्या निराळ्या करता येत नाहीत.

मोजपट्टी देहाची म्हणून पुढे करायची आणि मोजायचे दुसरेच काही, हा प्रकार महाराष्ट्राला नवा नाही. ‘लढाऊ जमाती’च्या सिद्धान्ताखाली इंग्रजांनी १८९०च्या दशकात महारांची भरती बंद केली. त्याआधी कित्येक पिढ्या त्याच समाजाचे सैनिक कंपनी सरकारच्या पलटणींत लढले होते. दरम्यान देह बदलले नव्हते, निकष बदलले होते. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडावे लागले.

जवान म्हणून महिलांची भरती लष्करी पोलीस दलात २०१९ पासून सुरू झाली. त्यांना सोळाशे मीटरसाठी साडेसात ते आठ मिनिटे, दहा फूट लांब उडी आणि तीन फूट उंच उडी असे निकष लावले गेले. या परीक्षेत बीम नाही. पुरुषांच्या चाचणीप्रमाणेच येथेही बाहेरचे वजन उचलण्याचा, ओढण्याचा वा वाहून नेण्याचा एकही प्रकार नाही. दोन्ही चाचण्यांत उमेदवार फक्त स्वतःचेच वजन हलवितो. म्हणून पळण्यात किंचित मागे पडणाऱ्या पण खांद्याने भरभक्कम अशा उमेदवाराला, स्त्री असो वा पुरुष, आपले बळ दाखविण्याची जागाच मिळत नाही. अमेरिकेच्या नव्या चाचणीत ती जागा डेडलिफ्टने दिली आहे, ब्रिटनच्या चाचणीत वाळूच्या पिशव्यांनी. महाराष्ट्राच्या पोलीस भरतीत, लष्कराशी काही संबंध नसताना, तेच काम एक साधा लोखंडी गोळा करीत आला आहे: पुरुषांसाठी सव्वासात किलोंचा, महिलांसाठी चार किलोंचा, आणि पन्नासपैकी पंधरा गुणांचा.